पूजेनंतरचा पहिला नग

दसऱ्याच्या दुपारी मुलीने कॉम्प्युटरमध्ये नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं आणि पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा होता तिथेच राहिला.

तो आकडा म्हणजे गेम चालू असताना एका सेकंदात किती चित्रं पडद्यावर येतात त्याची मोजणी. त्यांना फ्रेम म्हणतात. फ्रेम जितक्या जास्त, तितकी हालचाल सलग दिसते आणि भिंतीआडून येणारा माणूस तितका आधी नजरेला पडतो. जुन्या कार्डावर मुलीला सेकंदाला एकशे चाळीसच्या आसपास फ्रेम मिळत. नव्यावर दोनशेच्या वर जाणार असा तिचा हिशेब होता आणि तो मी स्वतः तपासला होता. आकडा आला एकशे पस्तीस. वर आणखी एक नवी खोड लागली: ऐन गोळीबारात चित्र क्षणभर अडखळायचं. कार्डाच्या खोक्यावरचं हळदीकुंकूसुद्धा अजून ओलं होतं.

तिच्यासाठी हे मजेचं काम नव्हतं. आठवडाभर आयटी कंपनीत नोकरी आणि उरलेल्या वेळात सराव, असं तिचं दोन वर्षं चाललं होतं. पाच जणांच्या एका चांगल्या टीममध्ये जागा रिकामी होती. पहिल्या चाचणीत त्यांच्या कप्तानाने तिला सांगितलं होतं की खेळ चांगला आहे, पण तुझं मशीन मागे पडतं, मशीन सुधारून ये. म्हणून तिने पगारातून कार्ड घेतलं. दुसरी चाचणी येत्या रविवारी दुपारी होती. तिसरी मिळणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट केलं होतं.

मी चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तपासणी विभागात आहे. नग मापात आहे की नाही, नसेल तर का नाही, हे शोधण्यातच माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. गेममधलं मला काही कळत नाही. पण अपेक्षित आकडा एक आणि आलेला दुसरा असेल, तर मला स्वस्थ बसवत नाही.

पुढचे दोन दिवस सल्ल्यांचे गेले. तिच्याबरोबर सराव करणारा एक म्हणाला, ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, पुसून पुन्हा टाक. तिने टाकला. आकडा हलला नाही. दुसऱ्याने वीजपुरवठ्याच्या डब्यावर संशय घेतला. पिंपरीतल्या दुकानदाराला फोन केला, तर त्याने प्रोसेसर जुना झालाय, तोही बदला असं सांगितलं, आणि कार्ड परत द्यायचं असेल तर शनिवारी संध्याकाळपर्यंत खोक्यासकट आणा, नंतर घेणार नाही, अशी अटही घातली. तिने मनाशी ठरवून टाकलं की कार्डच सदोष आहे. ते परत करायचं, दुसऱ्या बनावटीचं घ्यायचं आणि रविवारी सकाळी बसवायचं.

मी म्हटलं, थोडं थांब, आधी मोजू. तिला ते आवडलं नाही. तिने एवढंच म्हटलं की पप्पा, ही तुमची कंपनी नाही, इथे रविवार पुढे ढकलता येत नाही.

तरी शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर तिने मला शेजारी बसू दिलं. गेम चालू असताना कार्ड किती काम करतंय हे दाखवणारा आणखी एक आकडा असतो. तो जेमतेम निम्म्यावर होता. कार्ड तापतही नव्हतं. मला ते चित्र ओळखीचं वाटलं. लाइनवर एखादं मशीन असं निवांत उभं दिसलं की दोष त्या मशीनचा नसतो. मागून माल येत नसतो, म्हणून ते रिकामं असतं. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे दुकानदार बरोबर बोलतोय, कार्डाला काम पुरवणारा प्रोसेसर बदलावा लागणार. तसं असू शकत होतं. मला नाही म्हणता येईना.

मग मी एक मागणी केली. आमच्याकडे जोडलेला माल बिघडला आणि दोष कळेना, की संशयित भाग काढून जुना, चांगला ठरलेला भाग परत बसवतात. दोष भागाबरोबर गेला तर भाग वाईट. दोष जागेवर राहिला तर बाकीची जोडणी वाईट. तसंही कार्ड परत द्यायला काढायचंच होतं. जुनं लाव आणि एकदा मोज, एवढंच मी मागितलं. तिने नवं कार्ड काढून खोक्यात घातलं, जुनं बसवलं आणि गेम सुरू केला.

एकशे वीस.

तिने पुन्हा मोजलं. पुन्हा तेवढ्याच. ज्या कार्डावर आठवड्यापूर्वी एकशे चाळीस मिळत होत्या, तेच कार्ड आता वीसने कमी देत होतं, आणि अडखळणं तिथेही होतं.

तिचा चेहरा उतरला. तिला वाटलं, सगळं मशीनच गेलं. मला मात्र सुटल्यासारखं वाटलं आणि ते चेहऱ्यावर दिसू नये याची मी काळजी घेतली. नव्या कार्डावरचा आळ निघाला होता. प्रोसेसर जुना असेल, पण तो आठवड्यात आणखी म्हातारा झाला नव्हता. मधे काहीतरी बदललं होतं.

"काय बदललं मग?" तिने विचारलं.

"तेच विचारतोय. कार्डाशिवाय काय बदललं?"

"काहीच नाही पप्पा. शंभर वेळा सांगितलं. काहीच नाही."

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, दसऱ्यापासून दोघं त्या डब्याच्या उशाशी बसलाय, एकदा डॉक्टरला तरी बोलवा. मुलीने खोक्याला चिकटपट्टी लावली आणि या पैशांत प्रोसेसर तरी येईल, उद्या संध्याकाळी पिंपरीला जाऊन येते म्हणाली.

शनिवारी माझी पहिली पाळी होती. सुटल्यावर कंपनीच्या बसमध्ये नेहमीप्रमाणे शेजारी आमच्याच विभागातला जुना सहकारी बसला. हा चऱ्होलीचा, मोशीला उतरतो. घरच्या शेतात इमारती उभ्या राहिल्या तरी नोकरी सोडलेली नाही, आणि कुणाची खोडी काढायची संधीही सोडत नाही. माझं तोंड पाहून त्याने विचारलं आणि मी सगळं सांगितलं: कार्ड, आकडे, अदलाबदल, रविवार. तो सगळं ऐकून म्हणाला,

"सारखं कार्ड कार्ड काय लावलंय राव? खंडेनवमीला पूजा केली व्हती ना घरी? मग पूजेनंतर पयला नग तपासला का न्हाई?"

तो थट्टाच करत होता. मागच्या बाकावरचे दोघे हसले. मला हसू आलं नाही.

आमच्या कारखान्यात खंडेनवमीला प्रत्येक मशीन आतून-बाहेरून पुसतात. गार्ड म्हणजे संरक्षक झाकणं काढतात, कोपऱ्यातला चुरा काढतात, मग हार घालून पूजा करतात. आणि नंतर मशीन सुरू झालं की पहिला नग तपासणीत पास झाल्याशिवाय दुसरा काढायचा नाही, असा कडक नियम आहे. कारण साफ करताना काहीतरी सुटतं आणि परत बसताना केसभर इकडेतिकडे बसतं. हा नियम मीच नव्या मुलांना शिकवतो.

घरीही खंडेनवमीची पूजा झाली होती. शिलाई मशीन, स्कूटर, आणि मुलीचा कॉम्प्युटर. तिने कॅबिनेट उघडून ब्रशने सगळी धूळ काढली होती. आमच्या मागे इमारतींचं काम चालू आहे, वर्षभरात आत पिठासारखी धूळ साचते. दुसऱ्या दिवशी कार्ड आलं. पूजा आणि कार्ड यांच्यामध्ये कोणी गेम लावून आकडा पाहिला नव्हता. म्हणजे बदल एक नव्हता, दोन होते. पण पूजेच्या साफसफाईला आम्ही कोणी बदल धरलंच नाही. मुलगी खोटं बोलत नव्हती. तिच्या लेखी खरंच काही बदललं नव्हतं, फक्त स्वच्छ झालं होतं.

नाशिक फाट्याला वाहनं खोळंबली होती. मी तिला फोन लावला, तिने उचलला नाही. पिंपळे सौदागरला उतरून सोसायटीत शिरलो तेव्हा ती खोकं पिशवीत घालून दारातच पायात चपला सरकवत होती.

मी विचारलं, "नवमीला आतलं काय काय बाहेर काढलं होतंस?"

"कार्ड. पंखा. रॅमच्या पट्ट्या." तिने घड्याळाकडे पाहिलं. "सगळं होतं तसंच लावलंय. जाऊ दे मला, दुकान बंद होईल."

"दोन मिनिटं. झाकण काढ."

तिने पिशवी खाली ठेवली, जरा आदळलीच. झाकण निघालं. आत रॅमच्या, म्हणजे चालू कामाची माहिती हाताशी ठेवणाऱ्या स्मृतीच्या, चार खाचा होत्या आणि दोन पट्ट्या पहिल्या दोन खाचांत एकमेकींना लागून, अगदी शिस्तीत उभ्या होत्या. बघायला सुरेख. त्या तशाच असाव्यात की नाही, हे मला माहीत नव्हतं. तिलाही खात्री नव्हती. मशीन घेताना ते दुकानदाराने जोडून दिलं होतं.

तेवढ्यात बायकोने मोबाइल पुढे केला. मागच्या खंडेनवमीच्या पूजेचा फोटो. कॅबिनेटची एक बाजू काचेची आहे. काचेवर कुंकवाचं बोट, वरून झेंडूचा हार, आणि हाराखाली स्पष्ट दिसणाऱ्या दोन पट्ट्या: दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. मधली खाच रिकामी.

मुलगी फोटो मोठा करून पाहत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "जोडीची वस्तू जोडीशेजारी."

हे आमच्या घरातलं माझं वाक्य आहे. कारखान्यातल्या मांडणीच्या शिस्तीतून मी ते घरी आणलं. चपला, नट आवळायचे पाने, चमचे, मोजे. ती चालायला लागली तेव्हापासून ऐकतेय. पट्ट्या पुसून परत लावताना मधे रिकामी खाच सोडणं तिच्या हाताला पटलंच नसणार. तिने मशीनबरोबर आलेली पुस्तिका उघडली. त्यातही तेच होतं. पट्ट्या एकाआड एक बसल्या तर दोन वाटांनी माहितीचा माल पुरवतात. शेजारी बसल्या की दोघींना मिळून एकच वाट उरते. कार्ड रिकामं का बसलं होतं, ते आता कळलं.

तिने पट्ट्या हलवल्या. पण जुन्या कार्डाने काही ठरणार नव्हतं. खोक्याची चिकटपट्टी फाडावी लागणार होती, आणि कार्ड बसवून मोजेपर्यंत दुकान बंद होणार, मग ते परत देता येणार नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी फाड म्हणालो. खरं तर मीही अजून नग पाहिला नव्हता.

नवं कार्ड बसलं. बटण दाबलं. पंखे फिरले, पडदा काळाच. आम्ही तिघं उभे. बायकोने माझा दंड धरला. ती काहीतरी पुटपुटत होती. मुलीने बंद करायला बोट पुढे केलं आणि पुस्तिकेत काहीतरी वाचून मागे घेतलं. पट्ट्यांची जागा बदलली की पहिल्यांदा मशीनला वेळ लागतो, असं तिथे लिहिलं होतं. तो वेळ संपेना. मग पडदा उजळला.

गेम सुरू झाला तेव्हा ती कोपऱ्याकडे पाहत नव्हती, मी पाहत होतो. दोनशे पाच. दोनशे बारा. दोनशे आठ. अडखळणं नाही.

मला वाटलं होतं, इथे ताण संपेल. रविवारी दुपारी तिचं दार बंद झालं तेव्हा कळलं की कालपर्यंतचा ताण त्या मानाने सोपा होता. काल ती नापास झाली असती तर दोष मशीनवर गेला असता. आता मशीन मापात होतं. तपासणी तिची होती, आणि तिथे माझ्या कुठल्याच मापपट्टीचा उपयोग नव्हता. बायकोने चटणीसाठी मिक्सर न लावता पाटा काढला. मी वर्तमानपत्राचं एकच पान वाचत होतो.

दार उघडलं तेव्हा तिचे कान हेडफोनने लाल झाले होते.

"आकडा एकदाही दोनशेच्या खाली गेला नाही," ती म्हणाली.

"आणि तू?"

"मी मेले बऱ्याचदा." ती पाणी प्यायली, पेला उपडा ठेवला. "शेवटचा डाव हरलो आम्ही. पण कप्तान म्हणाला, मंगळवारपासून सरावाला ये."

बायकोने तिला जवळ घेतलं. मी उठून तिच्या खोलीत गेलो आणि झाकण नीट बसलंय का ते पाहिलं. परत येताना बाहेरच्या दाराशी तिच्या चपला दिसल्या, काल घाईत काढलेल्या, एक इकडे, एक पार भिंतीपाशी. त्या मी तशाच राहू दिल्या.