क्लब कुणाच्या नावावर आहे

एकोणीस वर्षं मी आमच्या फुटबॉल क्लबचा सेक्रेटरी होतो. निदान मला तसं वाटत होतं, पोरांना वाटत होतं आणि जिल्हा लीगच्या पाकिटांवरही तसंच लिहून यायचं. माझ्याकडे गोल शिक्का होता, तोही मीच माझ्या दुकानात बनवलेला. औरंगपुऱ्यात माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. भाडेकरार, प्रतिज्ञापत्रं, नावातले बदल, रबरी शिक्के यातच माझी हयात गेली. लोकांना कागदाचं महत्त्व सांगता सांगता माझा घसा बसतो. बायको म्हणते, तुम्ही गिऱ्हाइकावर मास्तरासारखे ओरडता. ओरडतोच मी. संस्थेचे विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो, हे मी किती मंडळांच्या अध्यक्षांना झापून सांगितलं असेल त्याला गणती नाही.

आणि आमच्या क्लबचा असा अर्ज एकदाही गेलेला नव्हता. दर उन्हाळ्यात ग्राउंडच्या कडेच्या लिंबाखाली आमची वार्षिक सभा व्हायची. चहा यायचा, भजी यायची, सगळ्यांची निवड एकमतानं व्हायची, कारण दुसरं कुणी उभंच राहायचं नाही. मी ठराव वळणदार अक्षरात वहीत उतरवायचो, सगळे सह्या ठोकायचे आणि वही घरच्या कपाटात जायची. पुढच्या आठवड्यात जाऊन अर्ज देऊन येऊ, असं मी दर वर्षी म्हणायचो. आपलाच क्लब, आपल्याला कोण विचारतंय, असा सगळा मामला होता.

क्लब पाच जणांनी काढला होता. एक शिंपी, एक एसटीचा ड्रायव्हर, एक शहागंजातला कापडवाला, एक हॉटेलवाला आणि एक शाळेतले पीटीचे सर. तीसएक वर्षं आम्ही लीगच्या वरच्या गटात आहोत. कधी पहिले आलो नाही, पण खालच्या गटातही कधी गेलो नाही, आणि या गोष्टीचा आम्हाला जेवढा माज होता तेवढा करंडक जिंकणाऱ्यांनाही नसेल. गेल्या दोन-तीन वर्षांत मात्र सगळंच बसत गेलं. वर्गणी देणाऱ्या जुन्या दुकानदारांच्या गादीवर त्यांची मुलं आली आणि त्यांना फुटबॉलचं काही पडलेलं नव्हतं. कोच पगार थकल्यावर भांडणतंटा न करता निघून गेला. चांगली पोरं दुसऱ्या क्लबांनी उचलली. या मोसमात आम्ही शेवटून दुसरे होतो, शेवटच्या संघाला एका गुणानं मागं ठेवून. एकच मॅच उरली होती. ती जिंकली तर वाचलो, नाहीतर शेवटचा संघ आम्हाला ओलांडणार आणि आम्ही खाली.

त्यातच एक बरी गोष्ट घडली. वाळूजला कारखाना असलेले एक गृहस्थ दुकानात आले. घरची शेतीवाडी मोठी, लहानपणी स्वतः फुटबॉल खेळलेले. क्लब मी चालवायला घेतो म्हणाले. कोच, कपडे, ग्राउंडचं भाडं, सगळं ते बघणार होते. मला तर त्यांना कुठं बसवू नि काय पाजू असं झालं. त्यांची एकच अट होती, त्यांच्या वकिलाला क्लबचे कागद बघायचे होते. त्याच आठवड्यात लीगचा नवा नियमही मोबाइलवर आला. वरच्या गटातल्या प्रत्येक क्लबनं तो कुणाच्या मालकीचा आहे, विश्वस्त कोण आहेत, याचा नोंदणीचा उतारा महिनाअखेर द्यायचा. नाही दिला तर पुढच्या मोसमात खालचा गट. म्हणजे दोघांनाही एकच कागद हवा होता. मी छाती काढून म्हणालो, उद्याच आणतो.

धर्मादायच्या कार्यालयातला क्लार्क सभ्य माणूस होता. त्यानं उतारा काढून दिला, मला बसायला खुर्ची दिली आणि हळूच म्हणाला, "काका, यात तुमचं नाव नाहीये."

उताऱ्यावर पाच नावं होती. शिंपी, ड्रायव्हर, कापडवाला, हॉटेलवाला, सर. त्यातल्या दोघांना मी स्वतः खांदा दिला होता, तिसऱ्याच्या दफनाला गेलो होतो, चौथ्याच्या श्रद्धांजलीचा मजकूर माझ्याच दुकानात टाइप झाला होता. जिवंत फक्त सर होते. क्लार्कनं सांगितलं की सगळ्या बदलांचे अर्ज, उशीर माफ करण्याचा अर्ज, सोबत हयात विश्वस्ताची सही, मग तारीख, मग सुनावणी. किती दिवस लागतील, असं मी विचारलं. गिऱ्हाइकानं हा प्रश्न विचारला की मी जसा हसतो, तसाच तो हसला. माझी मलाच लाज वाटली.

सर आता अजिंठ्याला मुलाकडे राहतात. मला तिथं आमच्या गोलकीपरनं नेलं. हा गोलकीपर छत्तीस वर्षांचा, क्लबमधला सगळ्यात जुना खेळाडू. घराणं मेंढरांमागं फिरणारं. हा शहरात आला, आधी शहागंजात हमाली केली, मग कर्ज काढून मालवाहू छोटा हत्ती घेतला. मंडीतला माल टाकून दुपारी मोकळा झाला आणि मला शेजारी बसवून निघाला. वाटेत बोलत होता. गुडघे दुखतात म्हणाला, या मोसमानंतर सोडतो म्हणाला.

"पर काका, क्लब वरच्या गटात ठिऊनच सोडणार. खाली गेल्यावर सोडलं तर लोक म्हंतील ह्याच्यामुळंच गेला."

सरांना ऐकू कमी येतं, पण बाकी सगळं शाबूत आहे. मी सगळी हकीकत सांगितली, मोठ्यानं सांगावी लागली, त्यामुळं अर्ध्या गल्लीला माझा पराक्रम कळला. त्यांनी अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, एका ठिकाणी माझी टायपिंगची चूक काढली आणि जिथं जिथं खूण होती तिथं सह्या केल्या. सगळं झाल्यावर पेनाचं टोपण लावत म्हणाले, "एकोणीस वर्षांत एकदा मॅचला ये म्हणाला नाहीस. आज सहीला आलास."

मी मान खाली घातली. परत येताना गोलकीपर मात्र खुशीत होता. सरांनी सह्या दिल्या, आता फक्त मॅच राहिली, असा त्याचा हिशोब. अर्ज देणं आणि अर्ज मंजूर होणं यातलं अंतर मी त्याला सांगायला हवं होतं. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

अर्ज दाखल झाले, त्याची पोच मिळाली. कारखानदार साहेबांच्या वकिलानं उतारा आणि पोच दोन्ही वाचली. साहेब भला माणूस, त्यांनी मला फोनवर टाळलं नाही, स्वतः दुकानात आले. म्हणाले, "काका, तुमच्यावर भरोसा आहे हो. पण मी सही कुणाबरोबर करू? चार जण वर गेलेत, एक सर आहेत, आणि तुम्ही तर कुणीच नाहीत." त्यांनी ते दुखवायला म्हटलं नव्हतं. कागद मंजूर झाले की बघू, असं म्हणून त्यांनी चहा पूर्ण प्यायला आणि गेले. कागद मंजूर व्हायला पाऊसकाळ उलटणार हे त्यांनाही ठाऊक होतं. तोपर्यंत लीगची मुदत संपून जाणार होती.

मी लीगच्या चिटणिसांकडे गेलो. माझ्याच वयाचे, त्यांची प्रमाणपत्रं माझ्याच दुकानात छापली जातात. मी पोच दाखवली, सरांच्या सह्या दाखवल्या, वार्षिक सभांच्या सगळ्या वह्या पिशवीतून काढून टेबलावर मांडल्या. त्यांनी एक वही उघडून अक्षराचं कौतुक केलं. समितीपुढं ठेवतो, एवढंच म्हणाले. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की माझ्यासमोर काउंटरपलीकडे उभी असलेली माणसं इतकी गयावया का करतात. मला वाटायचं, त्यांना सवयच असते.

मॅचच्या आधीच्या आठवड्यात सरावात गोलकीपरचा डावा खांदा निखळला. हाडवैद्यानं बसवला, डॉक्टरनंही बघितलं आणि महिनाभर हात वर उचलायचा नाही, गाडीही जपून चालव, असं बजावलं. दुसरा गोलकीपर होता, कॉलेजात जाणारा, बरा होता, पण लांबचा चेंडू आला की डोळे मिटायचा. आमचा गडी ऐकेना. खांद्याला पट्टी बांधतो, एवढी एक मॅच खेळतो, मग घरी बसतो म्हणाला. मीही फार ताणलं नाही, कारण मलाही तोच हवा होता. हे आज लिहिताना वाईट वाटतं, पण तसंच होतं.

मॅच रविवारी दुपारी होती. सकाळी आठच्या सुमारास मी दाढी करत असताना मोबाइलवर लीगचं पत्र आलं. मालकी आणि विश्वस्तांचा वैध पुरावा सादर न केल्यामुळं आमचा क्लब पुढील मोसमात खालच्या गटात. अर्ध्या चेहऱ्याला साबण तसाच ठेवून मी चिटणिसांना फोन केला. आज जिंकलो तर काही होईल का, असं विचारलं. ते बराच वेळ बोलले, सगळं आदरानं बोलले, अर्थ एवढाच होता की आजच्या निकालाचा याच्याशी संबंध नाही.

दुपारपर्यंत मी ते पत्र कुणाला दाखवलं नाही. मॅच झाल्यावर सांगू, असं ठरवलं. आता स्वतःला काय काय कारणं देतो मी. पोरांचा धीर सुटला असता. मैदानावर तरी इज्जत राहावी. खरं कारण असं की माझ्यात सांगण्याची हिंमत नव्हती. ज्या चुकीनं क्लब बुडाला ती माझी होती, आणि ती मला अकरा जणांसमोर उभं राहून सांगायची होती.

ग्राउंडवर गेलो तेव्हा गोलकीपर बाकावर बसून खांद्याला पट्टी आवळून घेत होता. घट्ट, अजून घट्ट, असं बांधणाऱ्याला सांगत होता. मला बघून म्हणाला, "काका, आज जिंकलो की वाचलो ना?"

"व्हय," मी म्हणालो.

माझ्या आयुष्यात मी हजारो खोटी प्रतिज्ञापत्रं टाइप केली असतील, लोक सांगायचे तसं. स्वतःच्या तोंडानं इतकं सरळ खोटं मी कधी बोललो नव्हतो. तो उठला, हातमोजे घातले आणि गोलमध्ये जाऊन उभा राहिला. तेव्हाही वेळ होता. दुसऱ्या पोराला उतरव, असं मी कॅप्टनला सांगू शकलो असतो. मी रेषेबाहेर खुर्ची ओढून बसलो.

उत्तरार्धात शहागंजातल्या आमच्या पोरानं गोल केला. नंतर सगळा खेळ आमच्याच अर्ध्यात चालला. वेळ संपायला थोडी मिनिटं असताना आमच्या बचावपटूनं एकाला पाडलं आणि रेफ्रीनं पेनल्टी दिली. लोक उभे राहिले. मी बसूनच होतो. मनात म्हणत होतो, जाऊ दे रे, जाऊ दे तो चेंडू, उडी मारू नको. क्लबच्या सेक्रेटरीनं असं म्हणावं, असे दिवस आले होते.

त्यानं डावीकडं उडी मारली. चेंडू हाताला लागून खांबाबाहेर गेला आणि तो पूर्ण वजनानं त्याच खांद्यावर पडला. उठलाच नाही. त्याला बाहेर घेतलं, पट्टी सोडली तर हात खांद्यापासून वेगळाच लोंबत होता. उरलेला वेळ कॉलेजच्या पोरानं काढला. शिट्टी वाजली, आम्ही एक शून्यनं जिंकलो, पोरं एकमेकांवर उड्या मारत होती, कुणीतरी येऊन मला मिठी मारली. मी गोलकीपरला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो.

एक्स-रे झाला. हाड तुटलंय, ऑपरेशन करावं लागेल, तीन-चार महिने तरी हातात काही घ्यायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. बाहेर बाकावर बसून आम्ही पुढच्या नंबराची वाट बघत होतो. त्याच्या चेहऱ्याला घाम होता, पण शेजारच्या अनोळखी माणसाला तो सांगत होता, पेनल्टी अडवली, क्लब वर राहिला. तो माणूस वा वा म्हणाला. गोलकीपरच्या बायकोचा दोनदा फोन आला, तिलाही त्यानं आधी तेच सांगितलं, हाताचं नंतर.

मला ते ऐकवेना. मी मोबाइल काढून पत्र त्याच्या समोर धरलं. तो वाचायला वेळ घेतो. दोनदा वाचलं, मग वरची तारीख आणि वेळ बघितली.

"हे सकाळी आलतं?"

मी हो म्हणालो. माझं कसं चुकलं, अर्ज का राहिले, मी मैदानात का बोललो नाही, सगळं घाईघाईनं सांगायला लागलो. त्यानं मधेच थांबवलं.

"सकाळीच सांगायचं व्हतं, काका. खेळलोच नसतो. उद्या मंडीत गाडी तरी घातली असती."

आवाज चढवून बोलला नाही. मला कुणी एवढं खरं कधी सुनावलं नव्हतं. तेवढ्यात आतून त्याचा नंबर पुकारला. मी आधार द्यायला हात पुढं केला. तो त्यानं घेतला नाही. उजव्या हातानं बाकाची कड धरली आणि एकटाच उठून आत गेला.