घेवड्यावरची राख

परवा सांगलीत सुनेनं कुंडीतल्या घेवड्यावर पडलेली माव्याची कीड दाखवली. "चुलीतली राख टाक," मी म्हणाले. गॅसच्या घरात राख कुठली?

एकाहत्तरच्या थंडीत, आष्ट्याला, आई रोज पहाटे दहिवरातच वेलावर राख उधळायची. फौजेतला दादा सुट्टीवर येणार होता, त्याला घेवडा लय आवडायचा. त्याच्याऐवजी तो लढाईत मारला गेल्याची तार आली. सुतकात आमची चूल पेटली नाही आणि तीन दिवसांत वेल माव्यानं काळा पडला. भाकरी घेऊन आलेल्या शेजारच्या काकू म्हणाल्या, "वैनी, माझ्या चुलीतली राख आनू का?"

"नगं," आई म्हणाली. "आता किडीलाच खाऊ दे."

मी लहान होते. त्या दिवशी मला वाईट वाटलं, ते वेलाचं.