चष्म्याच्या डबीची टकटक

गल्लीतल्या मुलांनी त्यांचं नाव 'टकटक बाई' पाडलं होतं, आणि ते त्यांना ठाऊकही होतं. घराच्या पुढच्या खोलीत त्या इंग्रजीची शिकवणी घेत. बाकीच्या चुका त्या एखाद वेळी पोटात घालत. पण साहाय्यक क्रियापद चुकलं, की हातातली चष्म्याची डबी टेबलावर वाजायचीच. टक टक!

"आय वर्किंग? आणि ॲम कुठे ठेवून आलास, घरी?"

कोणी 'ही डिड नॉट वेंट' म्हणालं, तर बाई दोन मुलांना उभं करून एकाच्या हातात बाजाराची पिशवी देत. "हा 'डिड'. भूतकाळाचं ओझं यानं उचललंय. मग शेजारच्या 'गो'ला चालू दे की मोकळ्या हातानं! दोघं मिळून एकच पिशवी कशाला ओढताय?"

मुलं खिदळत, पण ती पिशवी विसरत नसत.

शिकवणी सुटली तरी डबी मात्र सुटत नसे. जेवताना, दुकानात, पाहुण्यांदेखतही ती वाजे. यजमान हयात होते तेव्हा इंग्रजीतले फोन ते बाई आंघोळीला गेल्यावरच उरकत.

त्यांची सून नर्स होती, जवळच्याच एका लहान दवाखान्यात. हात असा हलका, की रडत आलेलं पोर सुई टोचून घेऊन हसत बाहेर जाई. तिला मोठ्या रुग्णालयात जायचं होतं. तिथे नाना देशांचे पेशंट येत, म्हणून मुलाखत इंग्रजीत. पहिल्या खेपेला ती नापास झाली होती. आता पुन्हा बोलावणं आलं होतं, या वेळी व्हिडिओ कॉलवर. हीही संधी गेली, की तिसरी मिळणार नव्हती.

बाईंनी कंबर कसली. "बोल, आधी कुठे काम केलंस?"

सुनेची नजर बाईंच्या हातातल्या डबीवर.

"अगं, एरवी तोंडाचा पट्टा चालू असतो तुझा!"

"आई, रागावू नका हं," सून खालमानेनं म्हणाली. "मागच्या वेळी मला सगळं येत होतं. पण तोंड उघडलं की वाटायचं, आता टकटक होणार. ती काही होईना, आणि मी आपली तिचीच वाट बघत बसले."

बाईंनी उठून डबी कपाटात ठेवली आणि कपाट लावून घेतलं. पण जित्याची खोड! दुसऱ्या दिवशी सरावात बोटंच टेबलावर वाजायला लागली. सून पुन्हा अडखळली.

"आई, तुझे हातच बांधून ठेवायला हवेत," मुलगा म्हणाला.

"बांधतोस कशाला? वाटाण्याच्या शेंगा आण."

मुलाखतीच्या सकाळी बाई चपला घालून बाहेर निघाल्या, तेव्हा सुनेनंच त्यांना अडवलं.

"कुठे चाललात? माझ्या समोर बसा."

"अगं, मी नसलेलीच बरी."

"नाही. तुम्ही नसलात की मला टकटक ऐकू येते. समोर असलात की दिसतं तरी, की वाजत नाहीये."

तेव्हा पडद्यावर दिसणार नाहीत अशा बेतानं, मांडीत शेंगांची परात घेऊन बाई बसल्या. सून बोलत होती, बाई सोलत होत्या. चूक झाली, की हात टेबलाकडे न जाता तोंडाकडे जाई, आणि एक वाटाणा गट्टम. मग सून घाबरलेल्या एका आजोबांची गोष्ट सांगायला लागली. मी रात्रभर त्यांचा हात धरून बसले होते, म्हणाली. सांगता सांगता 'डिड नॉट स्लेप्ट' तोंडातून निघून गेलं. तिची नजर झर्रकन बाईंकडे वळली. बाईंनी मूठभर वाटाणे तोंडात कोंबले. दोन्ही गाल माकडासारखे फुगले.

सुनेला हसू आलं. त्या हसऱ्या तोंडानंच तिनं आजोबांची गोष्ट पुरी केली. पडद्यावरच्या डॉक्टरीणबाईही हसल्या आणि शेवटी त्यांनी विचारलं, कामावर कधीपासून येता?

संध्याकाळी मुलगा ताटात चमचा फिरवत म्हणाला, "आई, या बटाट्यात वाटाणे शोधावे लागतायत."

सून चरकली. "अगंबाई! म्हणजे एवढ्या चुका झाल्या माझ्या?"

"छे गं," बाई तिला वाढत म्हणाल्या. "शेंगाच मेल्या पोचट निघाल्या."