धारेच्या तक्त्यातला रिकामा रकाना

फोन यांनी घेतला आणि तो हातात धरूनच गोठ्यात आले. मी म्हशीखाली बसलेली, हातात बादली. काय झालं, मी विचारलं. अक्का क्लासमध्ये शिकवता शिकवता गेली होती.

अक्का म्हणजे माझी थोरली नणंद, महानंदा. लग्न केलं नाही, आमच्यातच राहायची, कोल्हापुरात कॉम्प्युटरचा क्लास घ्यायची. गोठ्याचं सगळं तिनं कॉम्प्युटरवर आणलं आणि मलाही शिकायला बसवलं. तीन तक्ते केले. एक म्हशींचा, एक गिऱ्हाइकांचा, एक रोजच्या धारेचा. म्हशीला नंबर कशाला, नाव हाय की, म्हणून मी भांडले. गोठ्यात दोन राण्या होत्या, त्यातली कुठली ते कॉम्प्युटरला कसं कळणार, असं तिनं विचारलं आणि माझ्याकडूनच दोघींना नंबर घालून घेतले. दोन तक्त्यांत तोच नंबर असला की ते जोडता येतात. मग कॉम्प्युटरला प्रश्न लिहायचा: काय पाहिजे ते सिलेक्ट, कुठून ते फ्रॉम, कुठल्या अटीवर ते व्हेअर. एवढं जमेपर्यंत मी तिला पार वैताग आणला.

आणि एक दिवस थोरली राणी लाळ गाळायला लागली, दावं तोडायला लागली. पिसाळलेलं कुत्रं तिला कधी चावलं, कुणाला पत्ता नाही. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, हिचं कच्चं दूध प्यालेल्या सगळ्यांना आजच इंजेक्शनं सुरू करा. आमच्याकडं लोक गोठ्यावर येऊन तिथंच धारोष्ण दुधाचा पेला तोंडाला लावतात, आणि कोण कुठल्या म्हशीचं पितं हे ठरलेलं असतं. म्हणून धारेच्या तक्त्यात पेल्यासमोर म्हशीचा आणि पिणाऱ्या गिऱ्हाइकाचा नंबर असायचा.

अक्कानं मला खुर्चीवर बसवलं. मीच लिहिलं. धार, गिऱ्हाइकं, मध्ये दोन्ही जोडणारं जॉइन, अटीत राणीचा नंबर. नावं आली. हे फोन लावायला उठले तर अक्कानं हात धरला.

‘थांब. दोन्ही तक्त्यांत सापडली तेवढीच आल्यात. ज्यांची जोडी न्हाय ती गपकन गळत्यात.’

तिनं लेफ्ट जॉइन लिहायला लावलं, म्हणजे जोडी नसलेल्या धारेच्या ओळीही येतात. तीच नावं परत आली, आणि त्यांच्याखाली काही ओळी अशा, की पेला हाय, राणीचा नंबर हाय, नावाचा रकाना मात्र रिकामा. रोज सकाळचा एकच पेला. हे कोण गं, मी विचारलं. तिनं त्या रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं.

‘मी. घरचं माणूस गिऱ्हाइकांत कशाला लिहितंय कोण?’

इंजेक्शनं सगळ्यांनी घेतली, तिनंही. पुढचे कित्येक दिवस कुणाला नुसतं अंग दुखलं म्हटलं तरी माझा जीव खालीवर व्हायचा. देवाच्या दयेनं कुणाला काही झालं नाही.

ती गेल्यावर क्लासच्या मुली भेटायला आल्या. त्यातली एक रडत म्हणाली, मॅडमच्या छातीत आठवडाभर दुखत होतं, घरी सांगू नका म्हणाल्या. मला रडू नंतर आलं, आधी संताप आला. अगं अक्का, नावं कशी गळतात हे तूच शिकवलंस की मला. मग परत स्वतःलाच कसं गाळलंस?

आता रोज सकाळी चहा ओतताना मी एकेकाला विचारते, काय दुखतंय का. सासूबाई गुडघा सांगतात. लेक न्हाय म्हणते. हे वैतागतात, पण सांगतात. सगळ्यांचं सांगून झालं तरी मी थोडा वेळ थांबते, कोण गळलं तर न्हाय ना म्हणून.