सान होसेच्या विमानातली एक खुर्ची

एकशे साठ खुर्च्यांच्या विमानाची एकशे बहात्तर तिकिटं विकायची आणि दारातून कुणालाही परत पाठवायचं नाही, ही एदिल्माबाईंची नोकरी. पनामाच्या विमानतळावर बावीस वर्षं त्या हेच करत आल्या होत्या. कार्निव्हलच्या दुसऱ्या दिवशी नऊजण झोपून राहतात, फुटबॉलचा सामना असला की चौदाजण, हे त्यांना तोंडपाठ. फक्त सोनेरी कार्डवाल्यांपुढे ही हुशारी गुंडाळून ठेवावी लागे. सतत उडणाऱ्या या मंडळींना कंपनीनं वचनच दिलं होतं: एक दिवस आधी मागा, विमान भरलेलं असलं तरी जागा देऊ. मग यादीतला शेवटचा बिचारा गळायचा.

या नोकरीपायी घरच्या कार्यांवर मात्र पाणी पडलं. लेकीचा, इत्सेलचा, तिकडे लग्नासारखा गाजणारा पंधरावा वाढदिवस गेला, पदवीचा समारंभही गेला. आता एकतीस डिसेंबरला दुपारी शेजारच्या देशात, सान होसेला तिचं लग्न होतं. रजा मंजूर झाली ती चार दिवस आधी, तेव्हा तिकिटं संपलेली. राहिलं कर्मचाऱ्यांचं फुकट तिकीट, म्हणजे यादीचा तळ; सगळे बसून खुर्ची उरली तरच जागा. तरी सकाळच्या विमानात एक खुर्ची उरेल, असा बाईंचा अंदाज होता. उरलीही. आणि तीस तारखेला नेमकी तीच सेन्योर बार्सेनास यांनी कार्डावर मागितली.

“बाई, खुर्ची मोडलीय अशी नोंद टाका ना!” हाताखालची यारित्सा कुजबुजली. “कोण बघतंय?”

“मी बघतेय ना! गप बस.”

त्यांनी सेन्योरना फोन लावला. “सान होसेला काय काम काढलंत?”

“काम कसलं डोंबलाचं! जायचं, कॉफी प्यायची, परत यायचं. वर्ष संपायच्या आत तीन उड्डाणं कमी पडतायत हो, कार्ड जाईल माझं. यात दोन होतील. तिसऱ्याचं देव जाणे.”

“मग जाताना सान साल्वादोरला विमान बदलून जा की. जायची दोन, यायचं एक, तीन भरतात.”

“बाई, तुमच्या तोंडात साखर पडो!”

खुर्ची सुटली. दुसऱ्या दिवशी बाई धापा टाकत चर्चच्या दारात पोचल्या, तर आत पहिल्या बाकावर, वधूच्या आईच्या जागी, त्यांची धाकटी बहीण निदिया बसलेली.

“आई? तू आलीस?” दारात उभी असलेली इत्सेल अवघडली. “मी मावशीला बसवलं गं. दर वेळी येते म्हणतेस ना तू... या वेळी धरलंच नव्हतं तुला.”

बाईंना ते लागलं. पण रागवायला तोंड कुठे होतं? दोनदा शब्द देऊन न आलेल्या माणसासाठी जागा कोण अडवून ठेवेल? त्यांनी लेकीच्या डोक्यावरची जाळी सारखी केली.

“बरोबर केलंस,” त्या म्हणाल्या.

निदिया उठायला लागली, तर बाईंनीच तिला हातानं खूण करून बसवलं. आणि शेवटच्या बाकावर बसून त्या मनसोक्त रडल्या.