देवगांडूळ कुठे सापडला

माझ्या आईला मजुरी म्हणून शेण मिळायचं. गावात ज्यांची भातशेती होती त्यांचे गोठे ती सकाळी झाडायची आणि निघालेलं शेण पाटीत भरून आमच्या घरामागच्या उकिरड्यावर आणून टाकायची. ती जागाही आमची नव्हती, शेजारच्या जमीनमालकाची होती. वर्षभर शेण कुजायचं, उन्हाळ्यात शेतकरी ते खत शेतात न्यायचे आणि कापणीनंतर त्याच्या बदल्यात भात द्यायचे. वडील माथेरानला हातरिक्षा ओढायचे. शनिवार-रविवार गिऱ्हाइकांचे, म्हणून ते सोमवारी खाली उतरायचे. त्या भातावर आणि त्या ओढण्यावर मी शिकले. आज हे मी ताठ मानेनं सांगते. तेव्हा लपवायचे. शाळेत मुली मला ‘शेणी’ म्हणायच्या. शेणाला हात लागलेला नसला तरी मी शाळेत जाण्याआधी लिंबाच्या सालीनं हात घासायचे.

आमच्या घराण्यात कॉलेजला गेलेली मी पहिली. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी प्राणिशास्त्राच्या सरांनी सांगितलं, प्रत्येकानं आपापल्या गावातले बेडूक नि त्यांचे भाऊबंद शोधून नोंदवायचे. घरी येऊन मी आईला म्हटलं, काही वेगळं दिसलं तर सांग.

“बेडूक काय बघतेस? हे बघ,” ती म्हणाली आणि कुदळीनं उकिरड्याचा खालचा, जुना थर उकलला. आत वीतभर लांब, करंगळीएवढा जाड, जांभळट राखाडी असा एक जीव वळवळत होता. अंगभर वळ्या. मी मागे सरले.

“साप हाय.”

“साप नाय गं तो. सापाला शेपटी असती. ह्याला हाय का बघ. तोंड हिकडं, ढुंगण तिकडं, संपला. पाय नाय, शेपूट नाय. वरच्या ताज्या शेणात कधी दिसायचा नाय, खालीच ऱ्हातो.”

गावात असा कोणी दिसला की लोक साप समजून फावड्यानं दोन तुकडे करतात. आई त्याला उचलून परत आत सोडायची. म्हणायची, खत भुसभुशीत करतो बिचारा.

तो देवगांडूळ होता. नाव गांडुळाचं असलं तरी तो बेडकाच्याच कुळातला, जमिनीत पुरून राहणारा, पाय नसलेला. दुसऱ्या दिवशी डब्यात ओली माती घालून मी त्याला कॉलेजात नेला. सरांनी तो भिंगाखाली धरला. कातडीखाली झाकलेले डोळे, डोळा आणि नाकपुडीच्या मधला बारीक मिशीसारखा स्पर्शक, असं एकेक ते दाखवत गेले. म्हणाले, “शेवटाला शेपटी नाही, हे लक्षात ठेवा, ह्यावरून गट ठरतो.” आईनं कुदळ हातात धरून सांगितलं होतं तेच. मग त्यांनी वळ्या मोजल्या. पुन्हा मोजल्या.

“पुस्तकातल्यापेक्षा जास्त भरतायत. वेगळी जात असू शकते. कुठे सापडला?”

माझ्या मागे नेरळच्या नव्या बिल्डिंगमधली एक मुलगी नाक धरून उभी होती. “डब्याला कसला वास येतोय गं?” ती म्हणाली आणि दोघी-तिघी हसल्या.

मी म्हटलं, “माथेरानच्या पायथ्याला, सर. जंगलात. दगडाखाली.”

तोंडातून निघून गेलं असं मी म्हणणार नाही. ठरवून बोलले. दगडाचं तर सरांनी विचारलंही नव्हतं, तो मी स्वतःहून जोडला. सरांनी पेन्सिलीनं चिठ्ठीवर तसंच लिहिलं आणि चिठ्ठी नमुना ठेवायच्या स्पिरिटच्या बरणीत सोडली.

त्या नमुन्यावर एका नियतकालिकात छोटी नोंद छापून आली. पहिलं नाव माझं. कॉलेजनं सत्कार ठेवला, आईला बोलावलं. ती ठेवणीतलं लुगडं नेसून दुसऱ्या रांगेत बसली. एकटी मुलगी जंगलात हिंडून कसा दुर्मिळ जीव शोधते, हे सर माइकवरून सांगत होते. येताना टमटममध्ये आई हळूच म्हणाली, “बाय, तू जंगलात कधी गेलीस?”

“तसं लिहावं लागतं, आई.”

“आसं हाय का,” ती म्हणाली. शिकलेल्या लोकांत शेणाला जंगल म्हणायची रीत असेल, असं तिला वाटलं असावं.

पुढे मी एम.एस्सी. केलं आणि त्याच कॉलेजात शिकवायला लागले. एकाच नमुन्यावर नवी जात सांगता येत नाही, म्हणून सरांनी आणखी नमुने शोधायचं ठरवलं. दोन पावसाळे ते मुलांना घेऊन माथेरानच्या पायथ्याला दगड उलटत हिंडले. मीही बरोबर असायचे. जळवा काढायचे, दगड उलटायचे, काही नाही म्हणून मान हलवायचे. सरांनी टिपणात लिहिलं, जात अतिदुर्मिळ, जंगलापुरती मर्यादित. ते टिपण मी टाइप करून दिलं.

मग उकिरड्याची जागा विकली गेली. शेलू स्टेशनपासून इकडे सगळीकडे प्लॉट पडत आलेत, त्यात तीही गेली. एका सकाळी आई म्हणाली, “उद्या जेसीबी येणार हाय. तुझ्या सरांना म्हणावं, आतले ते जीव हवे तर घेऊन जा. नायतर चिरडून जातील. की मी फोन करू?”

तिनं फोन केला असता तर सगळं तिच्याच तोंडून त्यांना कळलं असतं. त्या भीतीनं मी गेले. धैर्यानं गेले असं कुणाला वाटू नये, म्हणून लिहिते. स्टाफरूममध्ये उभ्यानं सरांना खरं सांगितलं.

सर म्हणाले, “मी म्हणायचो, डोंगर पोखरून उंदीरसुद्धा निघेना. निघणार कुठून.” आणि चप्पल घालून उठले. “चल.”

आईनं त्यांच्यासाठी गोणपाट अंथरलं. ते त्यावर न बसता थेट उकिरड्याशी उकिडवे बसले.

“सर, पँट खराब होईल.”

“होऊ दे, ताई. जंगलात दोन पावसाळे खराब केली, तिथे एकसुद्धा मिळाला नाही.”

“जंगलात कशाला शोधलात? ह्यो शेणात असतो.”

“आम्हाला कोणी सांगितलं नाही.”

आईनं माझ्याकडे पाहिलं. तेव्हा तिला कळलं. मी खाली बघत होते. मग ती सरांना म्हणाली, “लाज वाटली आसंल हो तिला. ल्हान असताना पोरी लय चिडवायच्या.”

ती रागावली असती तर बरं झालं असतं.

त्या दुपारी खालच्या थरात सात देवगांडूळ मिळाले. उरलेला थर आईनं पाट्यांनी वाहून परसात नेला. पाट्या मीही वाहिल्या. त्यानं काही फिटलं नाही.

दुरुस्तीचं पत्र सरांनी मलाच लिहायला लावलं. मी लिहिलं, ‘स्थाननोंदीत चूक झाली आहे.’ त्यांनी ‘झाली आहे’वर काट मारली. “झाली नाही. तू केलीस. तसं लिही.” मी तसं लिहिलं.

सातही नमुन्यांच्या वळ्या मोजल्या तर काहींच्या पुस्तकातल्याइतक्या, काहींच्या जास्त भरल्या, आणि आमचा पहिला नमुना त्याच ओळीत बसला. जात नवी नव्हती, आधीच माहीत असलेली होती. नंतर आम्ही कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या आणखी गावांत शोधलं. जिथे मिळाला तिथे तो जुन्या शेणखतातच मिळाला. माझी दुरुस्ती छापून आली. नोंदीत आता अधिवास म्हणून उकिरडा लिहिलेला आहे, आणि नमुना कोणी गोळा केला त्या रकान्यात माझं नाव काढून आईचं घातलेलं आहे.