वाढणारे पाणी

वाघमारेबाई आधी अंधार मोजत. उपकरणाचे झाकण बंद, दिवा बंद, आणि बाई वही घेऊन तासभर समोर बसलेल्या. "काहीच नसताना हे यंत्र काय बरळते, ते आधी कळू द्या. मग त्याची साक्ष काढू," असे त्यांचे म्हणणे.

त्यांच्या हेकटपणामुळे काम रखडले, असे काही सहकारी आजही सभांतून सांगतात. हे धादांत खोटे आहे. त्या चाचण्यांचा प्रमुख मी होतो, बाई माझ्या हाताखालच्या कनिष्ठ तंत्रज्ञ. सांगणारे तेव्हा खराडीच्या आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारतींत नोकऱ्या शोधत होते.

दूरच्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांवर पाण्याची वाफ आहे का, हे पाहणारी दुर्बीण अवकाशात जायची होती. तिचे प्रकाश पारखणारे उपकरण पुण्यात आमच्याकडे तपासणीला होते. एका निर्वात, अतिथंड टाकीत ते ठेवून त्यावर ठरावीक दिव्याचा प्रकाश सोडायचा. त्या टाकीला आम्ही डबा म्हणत असू. तिसऱ्या दिवशी आलेखात, पाण्याची वाफ जिथे प्रकाश शोषते नेमक्या त्या जागी, बारीक खळी दिसली. चौथ्या दिवशी ती खोल झाली. पाचव्या दिवशी आणखी.

"अहो सर, परग्रहावर पाणी आहे का ते नंतर पाहू. आपल्या डब्यात आहे, एवढे नक्की," बाई मला म्हणाल्या.

उपकरणाच्या सांध्यांतील चिकटद्रव्यातून सुटणारी वाफ भिंगावर बर्फ होऊन साचत होती. सगळे उघडून, तापवून कोरडे करायला दीड महिना हवा होता. उड्डाण थांबणार नव्हते.

"तेवढी खळी वजा करून टाका," संस्थेचे संचालक म्हणाले.

"वाढणारी गोष्ट वजा होत नाही, साहेब. आजचा आकडा उद्या खोटा ठरेल."

"विश्रांतवाडीहून दोन बस बदलून येता, दमत असाल. थोडी विश्रांती घ्या."

"गावाच्या नावात आहे तेवढी पुरते."

बाईंनी चाचणीच्या अहवालावर सही केली नाही. आठवड्याच्या आत त्यांची बदली ग्रंथालयात झाली. खळी वजा झाली, उपकरण गेले.

अवकाशातून पहिली नोंद आली ती पडताळणीसाठी निवडलेल्या एका ताऱ्याची. तो इतका तप्त, की तिथे वाफेचा कणही टिकणे अशक्य. तरी आलेखात पाणी होते. पुढल्या महिन्यात ते वाढले. त्यानंतर त्या उपकरणाने जिकडे पाहिले, तिकडे पाणीच दिसले.

चौकशी समितीने 'कनिष्ठ तंत्रज्ञाची हयगय' असे लिहिले. बाई निवृत्त झाल्या, वारल्या. ते शब्द मात्र कोणी खोडले नाहीत. हयगय कोणाची, हे ज्यांना ठरवायचे असेल त्यांनी चाचणीच्या अहवालाचे शेवटचे पान काढावे. बाईंच्या नावापुढची जागा कोरी आहे. तिच्याखालची सही माझी आहे.